पाच वर्षांनी पुन्हा पहिला काता

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय ३९. पाच वर्षांपासून कराटेच्या शोतोकान शैलीच्या एका पारंपरिक डोजोत, म्हणजे सरावाच्या वर्गात, आठवड्यातून तीन दिवस जातात. ब्लॅकच्या आधीचा ब्राउन बेल्ट मिळून दोन वर्षं झाली आणि यंदा ब्लॅक बेल्टची परीक्षा द्यायचीच, असं धरून चालले होते. परीक्षेला दोन महिने उरले असताना सेन्सेईंनी, म्हणजे गुरूंनी, यादीतून त्यांचं नाव काढलं. कारण सांगितलं नाही. "या वर्षी नको. तीन महिने फक्त हेइआन शोदान करा," एवढंच म्हणाले. हेइआन शोदान म्हणजे नवख्यांना शिकवतात तो पहिला काता; काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा एकट्याने करायचा क्रम. आता हे गृहस्थ दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभे राहून तोच काता करताहेत आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतंय. दुसऱ्या वर्गात शिकणारा त्यांचा मित्र अडीच वर्षांत ब्लॅक बेल्ट झाला. "सोड ते, इकडे ये," असा त्याचा धोशा चालू आहे. पत्रात मध्येच एक वाक्य येतं: नाव निघण्याच्या आठवडाभर आधी कुमितेत, म्हणजे दोघांच्या लढतीच्या सरावात, एका सतरा वर्षांच्या, त्यांच्याहून खालच्या ग्रीन बेल्ट मुलाने त्यांच्यावर लागोपाठ दोन पॉइंट घेतले, "आणि तिसऱ्या वेळी त्याला बरगडीत जरा लागलं, पण कुमितेत हे चालायचंच." शेवटी घरातली गोष्ट. कसल्याशा क्षुल्लक कारणावरून ते मुलीवर इतके ओरडले, की नऊ वर्षांची ती पोर म्हणाली, "बाबा, तुम्ही कराटेला जाता ना?" ते विचारतात: वर्ग बदलू का? आणि कराटेने माणूस घडतो हे खरं, की ती भिंतीवर लावायची नुसती पाटी?

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुमच्या सेन्सेईंचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. बेल्टबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंय. मित्राच्या वर्गाबद्दल अर्धं पान. त्या मुलाबद्दल एक वाक्य, आणि त्या वाक्यात तुम्ही नाहीच. "त्याला लागलं." आपल्या भाषेत हे 'लागलं' फार सोयीचं आहे बघा. ठेच लागते, उचकी लागते, तसंच बरगडीत लागतं. कुणी मारलं ते सांगावंच लागत नाही.

म्हणून बेल्टकडे नंतर येते. आधी तो तिसरा ठोसा.

तुम्हाला हे नव्याने सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगते. शोतोकानच्या कुमितेत ठोसा पूर्ण वेगाने सोडायचा असतो आणि समोरच्याच्या अंगाच्या किंचित अलीकडे थांबवायचा असतो. याला सुंदोमे म्हणतात. खरं कसब त्या थांबवण्यात आहे; नुसतं मारायला शिकायला पाच वर्षं लागत नाहीत. अपघात होतात, मान्य. समोरचा अचानक पुढे येतो, अंतराचा अंदाज चुकतो, घामाने पाय सरकतो. पण यातलं काही झालं असतं तर तुम्ही ते नक्की लिहिलं असतंत. तुम्ही लिहिलंय ते असं: त्याने दोन पॉइंट घेतले "आणि" तिसऱ्या वेळी लागलं. तो "आणि" खरं बोलून गेलाय.

मी काही सोवळ्यात बसून हे सांगत नाहीये. मी स्वतः नऊ वर्षं डोजोत काढली, शेवटी गुडघ्यानेच हात टेकले तेव्हा थांबले. ब्राउन बेल्ट असताना माझ्या हातून एका मुलीचा ओठ फुटला. मी तिला सॉरी म्हटलं, वाकून रेइ केलं, आणि घरी येऊन सांगितलं की तिचा गार्ड खाली होता. नव्हता. पुढे बऱ्याच महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की रागाने हात सुटायच्या आधी माझा उजवा खांदा कानाकडे चढतो आणि दाढा आवळल्या जातात. त्या दिवशीही चढला होता. मला ते जाणवलंही होतं. मी जाऊ दिलं होतं.

आता तुमची तक्रार. पाच वर्षं झाली, राग होता तिथेच आहे, म्हणजे हे सगळं पोकळ. इथे मला अडवावंसं वाटतं. राग जाईल, असा शब्द तुम्हाला कुणी दिला होता?

वर्ग संपताना म्हणता ती डोजो कुनची, म्हणजे डोजोच्या नियमांची, पाच वाक्यं एकदा सावकाश बघा. रोज म्हणून म्हणून त्यांचा अर्थ झिजून जातो, सगळ्यांचंच तसं होतं. पाचही ओळी 'हितोत्सु' या शब्दाने सुरू होतात. हितोत्सु म्हणजे एक. एक, दोन, तीन असा क्रमच नाही; प्रत्येक ओळ पहिली. त्यातल्या सुरुवातीच्या ओळीत 'जिनकाकु कानसेइ', म्हणजे माणूस म्हणून पूर्णत्वाला जाणं, हे शब्द येतात आणि भिंतीवरच्या मराठी पाटीवर बहुधा तेवढंच उतरतं: चारित्र्य घडवा. पण जपानी वाक्यात क्रियापद शेवटी असतं, आपल्यासारखंच, आणि ते आहे 'त्सुतोमुरु'. झटणं. वाक्य झटण्याबद्दल आहे. किती दिवसांत जमेल, जमेल की नाही, याविषयी ते चकार शब्द काढत नाही.

आणि पाचवी ओळ. ती पुष्कळ ठिकाणी 'हिंसक वागणूक टाळा' अशी गुळगुळीत करून शिकवतात. मूळ शब्द आहेत 'केक्की नो यू': सळसळत्या रक्ताचं शौर्य. त्याच्यापासून सावध राहा, त्याला आवरा, असं ती ओळ बजावते. ज्याने कुणी ही ओळ रचली त्याला पुरतं ठाऊक होतं, की या खोलीत येणाऱ्यांचं रक्त सळसळणार आहे. दोन पॉइंट गेले की सळसळणार, सगळ्यांसमोर गेले की जास्तच. नाहीतर ती वर्षानुवर्षं रोज म्हणायला कशाला लावली असती? तुम्ही तसेच आहात म्हणून ही पाटी खोटी ठरते, असं तुम्हाला वाटतं. मला उलट वाटतं, की ती तुमच्याचसाठी लिहिली आहे. माझ्यासाठीही.

शोतोकानचे जनक गिचिन फुनाकोशी यांचं एक वचन तुम्ही ऐकलं असेलच: कराटेत पहिला वार नसतो. कामाकुराच्या एंगाकुजी या मठात त्यांचं स्मारक आहे, त्या दगडावर हेच कोरलेलं आहे. त्या मुलाने आधी दोनदा मारलं, मी फक्त उत्तर दिलं, असं तुमच्या मनात आलं असेल तर नियमाने घेतलेला पॉइंट हा वार नव्हे. त्या संध्याकाळचा पहिला वार तुमचा होता.

आता थोडं तुमच्या बाजूने. नुसतं कराटे केल्याने माणूस आपोआप शांत होतो, हा समज पसरवायला वर्ग चालवणारेच कारणीभूत आहेत. जाहिरातीत तेच असतं: शिस्त, आत्मविश्वास, संयम, जणू ठोसे मारता मारता ते घामावाटे अंगात शिरतात. १९८६ साली ट्रलसन नावाच्या संशोधकाचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, कराटेचा नव्हे, तायक्वांदोचा. गुन्हेगारीकडे कल असलेल्या किशोरवयीन मुलांचे तीन गट केले. एका गटाला ध्यान, आदर, फॉर्म्स (म्हणजे तिकडचे काते) यांसकट पारंपरिक पद्धतीने शिकवलं, दुसऱ्याला फक्त लढाईचं तंत्र, तिसऱ्याला साधा व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटातली आक्रमकता उतरली होती आणि दुसऱ्या गटातली वाढली होती. मोजकीच मुलं होती, त्यामुळे या अभ्यासावर इमले बांधू नयेत. पण डोजोत वावरलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. लाथ तीच, ठोसा तोच; त्याच्या मागेपुढे काय करून घेतात आणि माणूस ते किती मनावर घेतो, यावर सगळं आहे. तुमच्या डोजोत ते मागचं-पुढचं आहे, हे तुमच्याच पत्रावरून दिसतं. तुम्ही ते पाच वर्षं मनावर घेतलंत का? मी विचारतेय, आरोप करत नाहीये. रेइ करताना तुम्ही समोरच्या माणसाकडे बघता, की घड्याळाकडे?

बरं, बेल्ट.

ज्या गोष्टीसाठी आपण इतके झुरतो तिचं वय फार नाही. दान, म्हणजे ब्लॅक बेल्टची श्रेणी, ही मुळात कराटेची नाहीच. ज्युदोचे जिगोरो कानो यांनी १८८३ मध्ये आपल्या शिष्यांना पहिल्यांदा दान दिली. फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून तोक्योला गेले, कानोंशी त्यांचा परिचय झाला, आणि १९२४ मध्ये त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना पहिल्यांदा दान देऊन ही रीत कराटेत आणली. ते स्वतः आझातो आणि इतोसु या गुरूंकडे शिकले तेव्हा ओकिनावात ना बेल्ट होते ना परीक्षा. शिष्य किती पुढे गेलाय हे गुरूला दिसायचं, शिष्याला कळायचं किंवा कळायचं नाही. बेल्ट घामाने आणि मळाने काळा होत जायचा, ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली असेल तर ती गोड आहे, पण दंतकथा आहे.

बेल्ट फालतू आहे असं मला म्हणायचं नाही. त्याने उमेद टिकते. नुकत्याच मिळालेल्या बेल्टच्या घडीचा कडकपणा मला अजून बोटांत आठवतो. पण 'शोदान' या शब्दाकडे बघा. 'शो' म्हणजे आरंभ. ब्लॅक बेल्टची पहिली श्रेणी म्हणजे शोदान, पहिली पायरी. आणि तुम्हाला ज्या कात्याची लाज वाटतेय त्याचं नाव काय? हेइआन शोदान. जपानीत हे दोन्ही 'शोदान' अक्षर न् अक्षर सारखे लिहितात. जे नाव तुम्हाला कमरेला बांधून हवं आहे, तेच तुम्हाला पायाने करायला दिलंय. सेन्सेईंनी हे मुद्दाम केलं की सहज, मला ठाऊक नाही. विचारा त्यांना.

या कात्याची गंमत अशी, की इतोसुंनी ही पाच कात्यांची मालिका विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळेतल्या मुलांसाठी बसवली. तेव्हा तिचं नाव पिनान होतं. फुनाकोशींनी ते नाव हेइआन केलं, अक्षरं तीच, उच्चार जपानी. अर्थ शांती, स्वस्थता. तेव्हा तुम्ही मुलांच्या रांगेत उभे आहात हे अगदी रास्त आहे. तो काता मुलांसाठीच आहे. तो सोपा मात्र नाही. फुनाकोशी इतोसुंकडे शिकताना नाइहांची या एकाच नावाच्या तीन कात्यांवर दहा वर्षं होते. एक काता तीन वर्षं, अशी तेव्हाची चालच होती. तुम्हाला तीन महिने सांगितलेत.

हेइआन शोदानमध्ये २१ हालचाली आहेत आणि तुम्ही त्या झोपेतही कराल. अडचण तीच आहे. म्हणून सगळा काता सोडा, चौथ्या हालचालीपाशी या. मागे वळून उजव्या हाताचा गेदान बाराई, म्हणजे खालचा वार अडवणं, झालाय, उजवा पाय पुढे आहे. आता तो पुढचा पाय अर्धा मागे येतो, अंग जरा उंचावतं, मूठ तुमच्याच अंगाजवळून वर जाते आणि वर्तुळ पुरं करून हातोडीसारखी खाली उतरते. तेत्सुई. याचा नेहमीचा अर्थ असा लावतात, की कुणीतरी तुमचं मनगट पकडलंय. ते आधी सोडवून घ्यायचं आणि मग वार. अख्ख्या कात्यात पुढचा पाय सरळ मागे घ्यायची ही एकच जागा. घाईतला माणूस नेमका इथे उघडा पडतो. पाय यायच्या आधी त्याची मूठ निघते, वर्तुळ पुरं होत नाही, खांदा वर चढतो आणि वार हवेत तरंगतो. बघणाऱ्याला दिसतं, की याला मारायचं आहे, सुटायचं नाही.

उद्या फोन समोर ठेवून स्वतःचं चित्रण करा आणि फक्त ही हालचाल दहा वेळा बघा. पाय आधी येतो की हात? हे तुम्हाला जे सांगेल ते मी इथे बसून सांगू शकत नाही.

आता सेन्सेईंबद्दल, कारण त्यांनाही मी मोकळं सोडणार नाही. त्यांनी तो तिसरा ठोसा पाहिला असावा आणि म्हणून तुम्हाला थांबवलं असावं, असा माझा अंदाज आहे. पण हा अंदाज मला करावा लागतो, आणि तुम्हालाही, ही त्यांची चूक आहे. एकोणचाळीस वर्षांच्या माणसाला पाच वर्षांनंतर यादीतून काढायचं तर चार वाक्यं बोलायला हवीत. गुरूने बोलायचं नाही आणि शिष्याने ओळखायचं, याला आपण उगाच थोर समजतो. कधीकधी त्या मौनामागे खोल काही असतं. पुष्कळदा अवघड बोलणं टाळायचं असतं, बस. एक शक्यता अशीही आहे, की त्यांना ठोशाचं काही ठाऊकच नाही आणि त्यांना तुमचं कोकुत्सु दाची या पवित्र्यातलं मागच्या पायावरचं वजन पटत नाही. तुम्ही मनात मानापमानाचं अख्खं नाटक रचलंय आणि मामला गुडघ्याच्या कोनाचा निघू शकतो.

तर त्यांच्याकडे जा. वर्ग चालू असताना नको, मुलांसमोर नको, मेसेजवर तर अजिबात नको. वर्ग सुटल्यावर लादी पुसून झाली की पाच मिनिटं मागा. एकच प्रश्न विचारा: "शोदानसाठी माझ्यात नेमकं काय कमी आहे?" आणि मग गप्प बसा. मित्राचं नाव काढू नका, पाच वर्षांचा हिशेब मांडू नका. ते काही बोलायच्या आधी एक गोष्ट मात्र तुम्हीच सांगा: "त्या दिवशी मी त्याला रागाने मारलं." कर्त्यासकट. हे वाक्य तोंडातून काढणं तुम्हाला कुठल्याही परीक्षेपेक्षा जड जाईल, असा माझा कयास आहे.

ते नीट उत्तर देतील तर तुम्हाला काम मिळेल. ते चिडले, "विचारायचं नसतं" म्हणाले, किंवा पुढच्या तीन महिन्यांतही काहीच बोलले नाहीत, तर मात्र त्या डोजोत राहण्याचा पुनर्विचार करा. परंपरेच्या नावाखाली माणसं फार काही खपवतात. मी असा एक वर्ग पाहिलाय जिथे चुकलेल्या मुलाला सगळ्यांकडून एकेक ठोसा खायला लावायचे आणि त्याला 'मन घट्ट करणं' म्हणायचे. ती परंपरा नव्हे, तो निव्वळ माज होता.

मित्राच्या वर्गाला मी नावं ठेवणार नाही. अडीच वर्षांत ब्लॅक बेल्ट म्हणजे फसवणूकच, असं नसतं. रोज दोन तास घाम गाळणारा तरुण तिथवर पोचतोही. स्पर्धा म्हणजे कराटेचं मरण, हेही मला पटत नाही. फुनाकोशींना मोकळ्या लढतींचं वावडं होतं, हे खरं. पण २०२१ मध्ये तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये कात्याचं सुवर्ण ओकिनावाच्याच रियो कियुनाने घेतलं आणि तो काता बघताना खेळ कुठला आणि परंपरा कुठली, हे मला तरी वेगळं काढता आलं नाही. तेव्हा जा, मित्राचा वर्ग एकदा बाकावर बसून बघून या. बेल्ट किती दिवसांत मिळतो ते विचारू नका. तिथला सगळ्यात वरचा विद्यार्थी सगळ्यात खालच्याशी कुमिते करताना काय करतो, तेवढंच बघा. त्याच्यावर पॉइंट गेला की तो हसतो, मान डोलावतो, की पुढच्या खेपेला जोर वाढवतो? शिकवणारे तेव्हा कुठे बघत असतात? आणि परीक्षेत कुणी कधी नापास होतं का, हे हळूच एखाद्या पालकाला विचारा. कुणीच कधी नापास होत नसेल तर तिथे परीक्षा होत नाही, बेल्ट वाटले जातात.

माझं मत विचाराल तर हे तीन महिने काढा. आत्ता उठून गेलात तर वर्ग बदलेल, पण तो सतरा वर्षांचा मुलगा तिकडेही भेटेल. नाव वेगळं असेल, दोन पॉइंट तेच असतील. तीन महिन्यांनंतर जायचं असेल तर खुशाल जा. रागाच्या भरात सोडणं आणि विचार करून सोडणं, यांतला फरक तुम्हाला कुणी शिकवायला नको.

या तीन महिन्यांत कात्याबरोबर आणखी एक मागून घ्या: गोहोन कुमिते. पहिल्या वर्षात केलेली, मग 'ती काय, नवख्यांची' म्हणून मागे टाकलेली. समोरचा आधी सांगतो कुठे मारणार, मग पाच पावलं पुढे येत पाच वेळा मारतो. तुम्ही पाच पावलं मागे जात पाचही वेळा फक्त अडवता. उलटा वार एकच, आणि तोही पाचव्यानंतर. चार वेळा हात मोकळा असतो, समोरची बरगडी उघडी दिसते, आणि मारायचं नसतं. तुम्हाला जो राग येतो त्याचा याहून चांगला सराव मला तरी ठाऊक नाही. हल्ला करायला त्याच मुलाला बोलवा, तो तयार असेल तरच. नको म्हणाला तर तेही त्याचं बरोबरच आहे.

सराव करताना बळाकडे बघू नका, खुणेकडे बघा. प्रत्येकाची वेगळी असते. माझा खांदा, कुणाचा श्वास अडकतो, कुणाची नजर समोरच्याच्या डोळ्यांवरून हलून जिथे मारायचं तिथे चिकटते. ती खूण सापडली की वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. राग यायच्या आधी अंगाला कळतं, आपल्याला मागाहून.

घरी हीच खूण कामाला येते. डोजोत शिकलेलं घरात आपोआप येत नाही, ते उचलून आणावं लागतं. कराटे गरम पाण्यासारखं आहे, आच काढली की निवतं, असं फुनाकोशी म्हणत. आणि आपण बहुतेक जण ती आच चपलांबरोबर डोजोच्या दाराशी सोडून येतो. तुमचा आवाज चढायच्या आधी अंगात काय होतं ते एकदा पकडा. मग योइमध्ये, म्हणजे काता सुरू करण्याआधी, उभे राहता तसे उभे राहा: पाय खांद्याएवढे, मुठी खाली, श्वास पूर्ण बाहेर. घरात मुठी वळणं विचित्र वाटत असेल, तर हात नुसते सोडा. लेकीला सांगा, "मी पाच मिनिटांत येतो." आणि पाच मिनिटांत या. न येणं हे ओरडण्याइतकंच लागतं.

तिने विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलंत, ते पत्रात नाही. अजून वेळ गेलेली नाही. "हो, जातो. अजून जमलेलं नाही. शिकतोय," एवढं म्हटलंत तरी पुरे. मुलांना हे चटकन कळतं. तीही पाढे शिकतच असतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी, तुमच्याशी आणि हे वाचणाऱ्या तुमच्यासारख्या सगळ्यांशी. राग ओरडण्यावर थांबत नसेल, घरात हात उठत असेल किंवा तुम्ही खोलीत आलात की बोलणी बंद होत असतील, तर त्यावर काता हा उपाय नाही. समुपदेशकाकडे जा, याच आठवड्यात. डोजो नंतरही तिथेच असेल.

मुलांना 'जरा शिस्त लागू दे' म्हणून कराटेला घालणाऱ्या पालकांची पत्रंही या सदराकडे अधूनमधून येतात. त्यांना इतकंच: मुलाला कितवा बेल्ट मिळाला हे विचारण्याआधी, आज कुणाबरोबर सराव केलास आणि तो कसा आहे, हे विचारत जा. मोठ्या मुलांबद्दल तो काय सांगतो, त्यावरून वर्ग कळतो.

आणि तुमचा पुढचा वर्ग. दहा मिनिटं लवकर जा. तो मुलगा आला की त्याने बेल्ट बांधायच्या आधी त्याला बाजूला घ्या. कुमितेत असं चालायचंच, हे म्हणू नका. तू फार छान खेळलास, हेही आत्ता नको. ते नंतर कधीतरी. "मी चिडलो होतो आणि तुला मारलं. चुकलं माझं," एवढंच. तो ओशाळेल, "काही नाही, काही नाही" म्हणेल, पायाच्या बोटाने मॅट उकरत उभा राहील. तरी एकदा विचारा, बरगडी अजून दुखते का.